मदत हवी आहे: सूचीला किती पानं ठेवू?

लेखनवही: पुस्तकाच्या शेवटी सूची (कोणतं नाव, कोणता विषय कुठल्या पानांवर आहे त्याची यादी) द्यायची आहे. किती पानं ठेवावीत? फर्म्यांचा (छपाईच्या एका कागदाच्या घडीत बसणाऱ्या पानांचा) हिशेब अडलाय, प्रकाशकांना आजच आकडा हवाय. लवकर सांगा.

जुना_मुद्रितशोधक: पुस्तक केवढं? विषय काय?

लेखनवही: डेमी आकार, 232 पानं. सिंचनाचा इतिहास.

कोराकागद: नुसती नामसूची द्या, चार पानांत बसते. मी तेच करतो. विषयसूची कोणी बघत नाही.

शोधयात्री: अजिबात पटलं नाही. इतिहासाचं पुस्तक हातात आलं की मी आधी विषयसूचीच उघडते. पाणीपट्टीबद्दल काय म्हटलंय ते माणसांच्या नावांवरून कसं शोधायचं? अशा पुस्तकाला साधारण मजकुराच्या तीन ते पाच टक्के सूची लागते. म्हणजे 7 ते 12 पानं.

जुना_मुद्रितशोधक: 232 मध्ये संदर्भयादी धरली आहे का? प्रस्तावना वगैरे? आणि पानं पक्की झालीत ना?

लेखनवही: संदर्भयादी त्यातच, 20 पानं. सुरुवातीची 12 वेगळी. पानं पक्की आहेत. सूची दोन कॉलमी.

पडदावाचक: त्यापेक्षा ईबुक काढा, शब्द टाकला की सापडतो.

शोधयात्री: 'पाटबंधारे' टाकलं तर नुसतं 'कालवे' लिहिलेलं पान नाही सापडत. सूचीत 'कालवे पहा' असं लिहिता येतं.

जुना_मुद्रितशोधक: 232 आणि 12 मिळून 244. सोळापानी फर्मे धरले तर 256, म्हणजे 12 पानं हातात आहेत. कॉलमला 45 ओळी धरल्या तर 1080 ओळी. लांब नोंदी खालच्या ओळीवर उतरतात, अक्षरबदलाला जागा सुटते, म्हणून 800च मोजा. संदर्भयादी सूचीत घेत नाहीत. उरलेल्या 212 पानांना पानामागे पावणेचार ओळी येतात. पुरावं. तरी एक माहितीने गच्च आणि एक सैल प्रकरण घेऊन नोंदी काढून बघा.

अक्षरजुळणी: अकारविल्हे हातानेच तपासा. निव्वळ युनिकोडच्या क्रमाने लावलं तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, क्ष तर क मध्येच जातो.

कोराकागद: क्ष क मध्येच बरा, वाचक तिथेच शोधतो.

अक्षरजुळणी: आपल्या वर्णमालेत क्ष, ज्ञ शेवटी आहेत. वाचक तिथे बघणार.

लेखनवही: क्रमाचं नंतर बघू हो! गच्च प्रकरणात पानाला सहा ओळी भरतायत, सैल प्रकरणात दोनच. पण 'धरणे' पुढे नुसते पानांचे आकडेच आकडे झालेत, दोन ओळी भरून.

शोधयात्री: ते तसं ठेवू नका, वाचक एवढी पानं उलटत बसणार नाही. सहा-सात आकड्यांपुढे गेलं की फोडा: बांधणी, गाळ, विस्थापन. उपनोंदी एकाखाली एक न घेता सलग, अर्धविरामाने तोडून लावा. बऱ्याच ओळी वाचतात.

लेखनवही: 12 कळवते. आणि गच्च प्रकरणं जास्त निघाली तर?

जुना_मुद्रितशोधक: टाइप अर्धा पॉइंट कमी करा. ओझरत्या उल्लेखांच्या नोंदी गाळा. 'पहा' मात्र गाळू नका.