मदत हवी आहे : डेंग्यूनंतरची केसगळती, डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि नाजूक त्वचा

नमस्कार. माझे वय 24 असून नोकरीनिमित्त मी पुण्यात हिंजवडीला राहते. ऑक्टोबरमध्ये मला डेंग्यू झाला आणि साधारण अडीच महिन्यांनी केस इतके गळू लागले की न्हाणे झाल्यावर मोरीच्या जाळीवर गुंताच साचलेला असतो. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती होते आणि बहुधा सहा महिन्यांत थांबते, असे डॉक्टरांनी सांगितले. तपासणीत फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) कमी, म्हणजे 11 आल्याने लोहाच्या गोळ्याही सुरू आहेत, पण त्या चहाबरोबर घ्यायच्या नसतात हे मला महिनाभराने कळले. वर्तुळे आईलाही आहेत, त्यामुळे ती नुसत्या झोपेने जातील ही आशा मी सोडली आहे. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिथे लिंबाचा रस लावला, तर कातडी सोलली आणि आता साधा फेसवॉशही झोंबतो.

टँकरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी केसांसाठी काय केले, चुरचुरणाऱ्या त्वचेला कोणते सनस्क्रीन सोसले आणि गोळ्या किती महिने घेतल्यावर फेरिटिन वर आले, हे अनुभवाने कोणी सांगू शकेल का? घरगुती लेप मात्र कृपया सुचवू नयेत.