कालची नोट कॉपी-फॉरवर्ड करायची की रोज कोरी लिहायची?

नवा_रेसिडेंट:
मेडिसिनच्या वॉर्डला लागलोय. ईएचआरमध्ये (पेशंटचं कॉम्प्युटरवरचं रेकॉर्ड) रोजच्या नोटचं टेम्प्लेट उघडलं की व्हायटल्स, लॅब, औषधं सगळं आपोआप येऊन बसतं, तपासणीचा भाग पण आधीच नॉर्मल भरलेला असतो, त्यामुळे नोट चार-चार स्क्रीन लांब होते. सीनियर म्हणतात कालची कॉपी कर, बदललंय तेवढंच बदल. आणि राउंडला कन्सल्टंट विचारतात, एवढं लिहिलंयस पण पेशंटचं आज काय चाललंय ते कुठंय यात? कुणाचं ऐकू?

जुनी_फाईल:
कन्सल्टंटचं ऐक. एसओएपी (एस म्हणजे पेशंटची तक्रार, ओ म्हणजे तपासणी आणि आकडे, ए म्हणजे असेसमेंट, आपलं मत, पी म्हणजे प्लॅन) सगळ्यांना पाठ असतं, पण त्यातला एस आणि ओ मशीन भरतं, ए तुझ्याच डोक्यातून यावा लागतो आणि नेमका तोच एका ओळीत उरकतात. लॉरेन्स वीडने १९६८ मध्ये प्रॉब्लेमनुसार रेकॉर्ड लिहायची पद्धत मांडली ती यासाठीच, की प्रत्येक प्रॉब्लेमबद्दल डॉक्टरने काय विचार केला ते वाचणाऱ्याला दिसावं. आता बरेच जण एपीएसओ लिहितात, म्हणजे असेसमेंट-प्लॅन वर आणि आकडे खाली. सिस्टिममध्ये चालत असेल तर तसंच कर, स्क्रोल करणं वाचतं.

रात्रपाळी:
रात्री कॉलवर दुसऱ्याचे पेशंट बघताना कॉपी-पेस्टची खरी मजा कळते. अँटिबायोटिकचा 'दिवस ३' आठवडाभर दिवस ३ च, आणि डावा पाय गुडघ्याखाली कापलेल्या पेशंटच्या नोटमध्ये 'दोन्ही पावलांच्या नाड्या लागतात'!! हे टेम्प्लेटने लिहिलं पण सही माणसाची आहे ना. जे तपासलं नाही ते टेम्प्लेटमधून उडवा, रिकामं राहिलेलं परवडतं.

कोडिंगवाली:
थोडं वेगळं मत. कॉपी सरसकट वाईट नाही, जुनी ऑपरेशन्स, फॅमिली हिस्ट्री रोज नव्याने टाइप केली तर उलट चुकाच वाढतील. लांबलचक नोटांमागे बिलिंग पण आहे, अमेरिकेत हिस्ट्री आणि तपासणीतले मुद्दे मोजून व्हिजिटची बिलाची लेव्हल ठरायची म्हणून लोक भरत सुटायचे. २०२१ पासून ओपीडी व्हिजिटला ते मोजणं गेलं, आता निर्णय किती गुंतागुंतीचा होता किंवा एकूण वेळ किती लागला ते बघतात, तरी सवय काही जात नाही. आणि हो, सही झाल्यावर दुरुस्ती अ‍ॅडेन्डम (खाली वेगळी जोडनोंद) टाकूनच करायची, कुणी कधी काय बदललं ते ऑडिट ट्रेलमध्ये राहतंच.

नवा_रेसिडेंट:
हे पटलं. पण डायग्नोसिसच पक्कं नसेल तर असेसमेंटमध्ये काय लिहू? 'क्लिनिकल कोरिलेशन' (लक्षणांशी ताडून बघा) वगैरे?

जुनी_फाईल:
ते रेडिओलॉजीवाल्यांना लिहू दे :) तुला काय वाटतंय, का वाटतंय, आणि काय झालं तर मत बदलशील, एवढं लिही. उदा. 'धाप: न्यूमोनिया जास्त शक्य, ताप आणि उजवीकडे खाली क्रेप्स (फुफ्फुसातला करकर आवाज) आहेत. हार्ट फेल्युअर कमी वाटतंय, पायाला सूज नाही, जेव्हीपी (मानेच्या शिरेतला दाब) वाढलेला नाही. ४८ तासांत ताप उतरला नाही तर एक्स-रे परत, एफ्युजन (फुफ्फुसाभोवती पाणी) बघायचं.' रात्री दोनला फोन आला तर रात्रपाळीला वाचायला एवढं पुरतं.

रात्रपाळी:
पुरतं काय, एवढं मिळालं तर फोनच करणार नाही तुला.