रात्री बाराची भूक

सुट्टीत कॉलेजची मुलं मित्रांना घेऊन घरी येतात, दुपारपर्यंत झोपतात आणि मध्यरात्री स्वयंपाकघरात शिरतात, ही तक्रार वाचली. त्या झोपेवरून त्यांना बोलू नका, असं मला अगदी मनापासून वाटतं. शरीराचं घड्याळ सर्वांत उशिरा चालतं ते साधारण विशीच्या आसपास, म्हणजे नेमकं याच वयात. त्यात परीक्षेच्या जागरणांची भर. पहिले दोन दिवस झोपू द्यावं.

जेवणाचं म्हणाल तर सगळ्यांनी एकत्र बसायचं ते फक्त रात्री. बाकी वेळी ज्याने त्याने वाढून घ्यावं. पण उरलेलं अन्न ओट्यावर झाकून ठेवू नका, भात तर नाहीच. भातातल्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवलं तर आतला भात तासन्‌तास कोमटच राहतो. म्हणून पसरट, उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. डब्यावर तारखेची चिठ्ठी लावली की रात्री कुणाला उठवून विचारावं लागत नाही.

आणि पाहुण्या मुलांना कशाची अ‍ॅलर्जी आहे, काय खात नाहीत, हे येण्याआधीच फोनवर विचारा. परक्या घरी ती संकोचाने सांगत नाहीत, अर्धपोटी उठतात. तेच फार लागतं मनाला. भांडी मात्र त्यांनाच घासू द्या. हाताला काम मिळालं की ती घरच्यासारखी बोलायला लागतात.