मदत हवी आहे: ठेंगण्या बांध्याला नीट बसणारी, उठावदार रंगाची, परवडणारी पँट

मैत्रिणींनो, आणि शिवणकामातलं कळणारे सगळेच, रोज घालायच्या पँटबद्दल सल्ला हवा आहे. माझी उंची ४ फूट ११ इंच, कंबर २७, सीट ३६. हवी आहे साधी सुती पँटच, पण हळदी पिवळी, शेंदरी, मोरपंखी किंवा राणी रंगाची. काळ्या आणि नेव्ही ब्लू माझ्याकडे भरपूर आहेत.

हे रंग मिळतच नाहीत असं नाही, पण मिळतात ते नेहमीच्या मापात. 'पेटीट' म्हणून विकले जाणारे कपडे साधारण ५ फूट ४ इंचांच्या आतल्या उंचीसाठी बेतलेले असतात, आणि मला तिथे बहुतेक वेळा काळा, राखाडी, बेज एवढंच दिसतं. गिऱ्हाईक कमी असलेल्या मापात हमखास खपणारेच रंग काढायचे, हा विक्रेत्यांचा हिशेब मला समजतो. पण उंची कमी म्हणून आवडते रंग सोडायचे, हे काही पटत नाही.

'मोठी घे आणि खालून कापून घे' असं बऱ्याच जणी सांगतात. लांबीपुरतं ते ठीक आहे. नेहमीच्या पँटची आतली शिवण, म्हणजे जांघेपासून पायाच्या टोकापर्यंतची, ३० ते ३२ इंच असते, मला २६ पुरते. पण खालून पाच इंच काढले तरी त्या पँटचा गुडघा माझ्या पोटरीवरच राहतो. निमुळती पँट असेल तर जो सगळ्यात अरुंद भाग, तोच कापला जातो आणि मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, रुंद होऊन बसते. खरं दुखणं मात्र आसनाचं आहे, म्हणजे कंबरेच्या पट्ट्यापासून दोन्ही पाय जुळतात त्या शिवणीपर्यंतच्या भागाचं. आसन खोल असलं की पट्टा पोटावर कुठेतरी वर जातो, नाहीतर कंबरेवर बसवला तर खाली मांड्यांपाशी कापड लोंबतं. काळ्या रंगात हे खपून जातं. पिवळ्या किंवा शेंदरी कापडावर प्रत्येक चुणी सावलीसकट दिसते, म्हणून उठावदार रंगाला माप जास्तच अचूक लागतं. आसन कमी करायचं तर पट्टा उसवा, वरून कापा, चेन आखूड करा, खिशांची जागा सांभाळा. स्वस्तातल्या पँटवर एवढी मजुरी घालणं परवडत नाही.

त्यातल्या त्यात नेहमीच्या मापातली घोट्यापर्यंतची, म्हणजे अँकल लेंग्थ पँट बरी. तिची आतली शिवण २६-२७ इंच असते, ती मला पूर्ण लांबीची होते आणि मोहरीला हात लावावा लागत नाही. आसन तेवढं मोठंच राहतं. मोठ्या मुलींच्या विभागात रंग फार सुंदर आणि किंमतही कमी, पण काप सरळसोट असतो. कंबरेला बसली की सीटवर ताणते, सीटला बसली की मागे कंबरेला फट पडते. याच बांध्याच्या कुणाला त्यात जमलं असेल तर नक्की लिहा.

कापडाचं म्हणाल तर ९८ टक्के सुती आणि २ टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असलेलं मला छान बसतं. फार पातळ नको, कारण पिवळ्यातून खिशाचं अस्तर दिसतं. लाल आणि राणी रंगाची पँट घेताना मी ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूने घासून बघते. रुमालाला रंग लागला तर ती पँट परत ठेवते. मीठ-व्हिनेगरचा उपाय कृपया सुचवू नका, आधीच रंगवलेल्या कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही.

आता दोन वाटा डोक्यात आहेत. पेटीट मापात पांढरी सुती पँट मिळाली तर ती घरी रंगवायची. पण शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा असेल तर सुती कापडाचा रंग तो धरत नाही, आणि टिपा पांढऱ्याच राहतात. कुणी असं केलं आहे का? त्या टिपा खटकतात की चालून जातं? दुसरी वाट म्हणजे मला उत्तम बसणारी काळी पँट नमुना म्हणून देऊन शिवून घेणं. ही मला जास्त पटते, कारण रंग आपल्या हातात राहतो आणि एकदा माप जमलं की त्याच मापाच्या आणखी शिवता येतात. पण नमुन्याची पँट उसवावी लागते का, की न उसवता माप घेता येतं? माझ्या उंचीला ५८ इंच पन्ह्याचं कापड किती पुरेल? शिवण्याआधी ते धुऊन आटवून घ्यायचं हे माहीत आहे, पण इलास्टेन असलेलं कापडही गरम पाण्यात घालायचं का?

पाच फुटांच्या आतल्या मैत्रिणींनी आपल्या सगळ्यात छान बसणाऱ्या पँटचं पुढचं आणि मागचं आसन मोजून इथे लिहिलं तर फार उपयोग होईल. माझ्या काळ्या पँटचं पुढचं साडेनऊ इंच आहे, पट्टा धरून.