अनुभव धागा: कॅथरिन हेपबर्न आणि आपण

या वेळच्या धाग्यासाठी कॅथरिन हेपबर्न हे नाव सुचवताना मनात थोडी धाकधूक होती. १२ मे १९०७ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे जन्मलेल्या आणि २९ जून २००३ रोजी त्याच राज्यात, फेनविकच्या समुद्रकाठच्या घरी वयाच्या ९६व्या वर्षी निवर्तलेल्या या अभिनेत्रीशी आपला काय संबंध, असे कोणीही विचारू शकेल. अभिनयाची चार ऑस्कर पारितोषिके मिळवणारी ती आजही एकमेव कलावंत आहे आणि १२ वेळा तिला नामांकन मिळाले, ही माहिती कोणत्याही कोशात सापडेल. मला उत्सुकता आहे ती निराळ्या गोष्टीची. या चारपैकी तीन पारितोषिके तिला साठी ओलांडल्यावर मिळाली. चाळिशी उलटली की नायिकेला एकतर आई व्हायचे किंवा घरी बसायचे, अशा व्यवसायात ती १९३२ पासून १९९४ पर्यंत पडद्यावर राहिली, आणि वयाबरोबर जे जे बदलत गेले ते तिने प्रेक्षकांपासून लपवले नाही. मी स्वतः निवृत्तीला आले तेव्हा तिचे उत्तरायुष्यातले चित्रपट ओळीने पाहिले आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी बोलून उठावे तसे मला प्रत्येक वेळी वाटले. तुमच्या आयुष्यात ती कुठल्या वळणावर आली, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

सांगली, निवृत्त शिक्षिका

मी ३१ वर्षे भूगोल शिकवला. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा हाताने काढण्याबद्दल शाळेत माझे नाव होते. डहाणूपासून रेडीपर्यंतची किनाऱ्याची रेघ मी खडू न उचलता काढत असे. वयाच्या ४८व्या वर्षी ती रेघ थरथरू लागली. सुरुवातीला मी खडूला दोष दिला, मग चष्म्याला. त्यानंतर मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका सवाष्णीच्या कपाळाला कुंकू लावताना माझे बोट इतके हलले की कुंकू भुवईपर्यंत फराटल्यासारखे गेले, आणि ती बिचारी 'असू द्या हो बाई' म्हणत पदराने पुसू लागली. त्या दिवसापासून मी करंडा सुनेच्या हाती दिला आणि स्वतः वाण वाटायला बसू लागले.

पाहणारा प्रत्येक जण 'कंपवात झाला का?' असे विचारी. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून सांगितले की हा कंपवात नव्हे. कंपवातात हात स्वस्थ ठेवलेला असताना अधिक हलतो आणि माझा हात काही करायला गेले की हलतो. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात आणि तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो. तेव्हा मला आठवले की आमचे आजोबा चहा नेहमी अर्धा कपच घेत. आम्हा मुलांना ते त्यांचे मिताहारी वळण वाटत असे.

पुढे कंप मानेत आणि आवाजात उतरला. त्या काळात भाच्याने मला 'ऑन गोल्डन पॉण्ड' हा १९८१ सालचा चित्रपट दाखवला. त्यात हेपबर्नबाईंची मान पहिल्या प्रसंगापासून हलते, आवाज कापरा आहे, आणि त्या तशाच नवऱ्याला हाका मारत, तळ्याकाठच्या घराच्या खुर्च्यांवरच्या चादरी काढत, लाकडे गोळा करत पडद्यावर वावरतात. नवरा झालेले हेन्री फोंडा तेव्हा खरोखर आजारी होते आणि पुढच्याच वर्षी गेले. चित्रपटाच्या शेवटाकडे त्यांच्या छातीत कळ येते आणि बाई त्यांना गोळी द्यायला धडपडतात, तिथे मान हलते आहे की जीव, हे वेगळे करता येत नाही. मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. १९९३ साली हेपबर्नबाईंच्या आयुष्यावर दूरचित्रवाणीसाठी जो माहितीपट झाला, त्यात त्या स्वतःच सांगतात की हा कंप आजोबांकडून आला आहे, आणि डोके हलत असले तरी ते गळून पडणार नाही याची खात्री बाळगा. आजोबांकडून! मी एकटीच खोलीत बसून मोठ्याने हो म्हणाले.

निवृत्तीच्या निरोप समारंभात मला फळ्यावर नकाशा काढण्याचा आग्रह झाला. मी काढला. कोकणचा किनारा जरा जास्तच दंतुर झाला, आणि पाठ्यपुस्तकात त्याला दंतुर किनाराच म्हटले आहे.

नागपूर, हौशी रंगभूमीवरील अभिनेत्री

माझ्या भूमिका असलेली दोन नाटके राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत लागोपाठ पडली, तेव्हा 'तिला घेतलं की नाटक बसतं' असे आमच्याच मंडळात बोलले जाऊ लागले. बसतं म्हणजे खाली बसतं. मला कोणी तोंडावर काही म्हटले नाही; फक्त वाचनाला बोलावणे येईनासे झाले.

१९३८ साली हेपबर्नच्या बाबतीत हे जाहीरपणे घडले. अमेरिकेतल्या चित्रपटगृहमालकांच्या एका संघटनेने काही नामवंत नटनट्यांना गल्ल्याचे विष, म्हणजे ज्यांच्यामुळे चित्रपट चालत नाहीत असे, ठरवले आणि त्या यादीत ती होती. आज विनोदी चित्रपटांचा मानदंड मानला जाणारा 'ब्रिंगिंग अप बेबी' त्याच वर्षी आला आणि आपटला. ज्या आरकेओ चित्रपट कंपनीशी तिचा करार होता तिने दुय्यम चित्रपट पुढे केला, तेव्हा तिने पैसे मोजून करारातून स्वतःला सोडवून घेतले. फिलिप बॅरी या नाटककाराने तिला डोळ्यांसमोर ठेवून 'द फिलाडेल्फिया स्टोरी' लिहिले, आणि त्यात तिने ठरावीक मानधन न घेता नफ्यातला हिस्सा घेतला. चित्रपटाचे हक्क उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांनी तिच्यासाठी आधीच विकत घेऊन ठेवले होते. १९३९ साली नाटक ब्रॉडवेवर तुफान चालले, स्टुडिओ हक्क मागायला आले, आणि नायिका मीच, या अटीवर तिने ते एमजीएम स्टुडिओला विकले. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर हेही तिच्याच पसंतीचे. १९४० च्या त्या चित्रपटाने तिचे दिवस पालटले.

हे वाचल्यावर मी भिशीचे पैसे उचलून एका तरुण लेखकाच्या दोन अंकी नाटकाचे परवानगीपत्र माझ्या नावावर घेतले, संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळवले, आणि कागद घेऊन मंडळाच्या बैठकीत गेले. नाटक सर्वांना आवडले. भूमिका कोण करणार, हा प्रश्न त्या दिवशी कोणी काढला नाही.

पुणे, सामाजिक इतिहासाच्या अभ्यासक

मी हेपबर्नपर्यंत पोचले ती र. धों. कर्वे यांच्या वाटेने. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय चळवळीचा मागोवा घेताना मार्गारेट सँगर यांचे नाव टाळताच येत नाही. १९३५ च्या अखेरीस त्या वर्ध्याला येऊन गांधीजींशी संततिनियमनावर बोलल्या आणि दोघांचे एकमत झाले नाही. याच सँगरबाईंच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांत कॅथरिन हॉटन हेपबर्न हे नाव दिसले आणि मी थबकले. ती अभिनेत्रीची आई. कनेक्टिकटमधील स्त्रियांच्या मताधिकार संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते, आणि लहानगी कॅथरिन आईबरोबर जाऊन मताधिकाराची घोषणा छापलेले फुगे वाटत असे.

ज्या राज्यात ही आई काम करत होती, तिथे संततिनियमनाची साधने वापरण्यावर १८७९ पासून कायद्याने बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १९६५ मध्ये मोडीत काढली. आई १९५१ मध्येच गेली होती. मुलीने उतारवयात याच प्रश्नांवर जाहीर बाजू घेतली, याचे मला नवल वाटत नाही. चाळीसच्या दशकात, साम्यवादी असल्याच्या संशयामुळे सार्वजनिक सभेला जाणेही कलावंतांना महागात पडू शकत होते तेव्हा, म्हणजे मे १९४७ मध्ये, ती लॉस एंजेलिसच्या सभेत उभी राहून विचारांच्या गळचेपीविरुद्ध बोलली होती. ती पुरुषी विजारी घालते याची चर्चा तिच्या काळी खूप झाली. ज्या घरात जेवणाच्या टेबलावर वर्ज्य असा विषयच नव्हता, त्या घराची चर्चा त्या मानाने कमी झाली, आणि मला तेच घर अधिक महत्त्वाचे वाटते.

सिंगापूर, चित्रपट अभ्यासक

मतभेद नोंदवणे मला आवश्यक वाटते. 'ड्रॅगन सीड' या १९४४ सालच्या चित्रपटात हेपबर्नने डोळ्यांचा आकार रंगभूषेने बदलून चिनी शेतकरी स्त्रीची भूमिका केली आहे. माझ्या चिनी वंशाच्या मैत्रिणींबरोबर मी तो पाहायला बसले आणि अर्ध्यात बंद केला. काळ तसा होता, हे खरे आहे. पण त्याच काळात चिनी वंशाच्या अभिनेत्री हॉलिवुडमध्ये काम मागत होत्या, हेही खरे आहे. तिच्याविषयीचा आदर कायम ठेवूनही हे लिहिले गेले पाहिजे.

औरंगाबादहून आता बंगळूर, अभियंता

आमच्या लग्नाला १९९४ साली माझ्या वडिलांचा विरोध होता, आणि माझे वडील आयुष्यभर जयंत्यांच्या व्यासपीठांवरून जातिअंतावर भाषणे देत आले होते. प्रत्यक्ष घरात आंतरजातीय सून येणार म्हटल्यावर ते आजारी पडल्यासारखे गप्प झाले. त्यांनी नकार दिला नाही, होकारही दिला नाही. वर्तमानपत्र उभे धरून त्याच्या आड बसू लागले.

'गेस हूज कमिंग टू डिनर' हा चित्रपट मी त्यानंतर काही वर्षांनी पाहिला. सान फ्रान्सिस्कोतल्या उदारमतवादी वृत्तपत्राच्या मालकाची गोरी मुलगी एका कृष्णवर्णीय डॉक्टरशी लग्न ठरवून घरी येते, आणि ज्याने आयुष्यभर समतेचे अग्रलेख लिहिले तो बापच अडतो. तो बाप म्हणजे स्पेन्सर ट्रेसी, आई हेपबर्न, जावई सिडनी पॉइटिए, आणि मुलीच्या भूमिकेत हेपबर्नची सख्खी भाची. नवरा अडलेला असताना आईला आधी धक्का बसतो, मग ती मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद बघते आणि तिचा निर्णय होतो. त्यानंतर तिच्या कलादालनातली सहकारी सहानुभूतीच्या आवाजात विषारी बोलू लागते, तेव्हा आवाज किंचितही न चढवता ती तिला मोटारीपर्यंत पोचवते आणि कामावरून काढते.

आमच्या आईने भाषण कधीच केले नव्हते. नोंदणी विवाह करून आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा तिने वडिलांकडे पाहिलेही नाही. फडताळातून नारळ आणि तांदूळ आणून उंबऱ्यावरच माझ्या पत्नीची ओटी भरली आणि 'आत ये, पाय दुखले असतील' एवढेच म्हणाली. चित्रपट पाहताना मला त्या नारळाची शेंडी दिसत होती.

या चित्रपटामागची हकिकत मला नंतर कळली. ट्रेसी इतके आजारी होते की त्यांचा विमा उतरवायला कोणी तयार नव्हते, म्हणून दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर आणि हेपबर्न यांनी आपापले मानधन तारण ठेवले. दिवसातले थोडेच तास काम होई. शेवटच्या लांबलचक भाषणात ट्रेसी पत्नीवरच्या प्रेमाविषयी बोलतात आणि मागे उभ्या असलेल्या हेपबर्नच्या डोळ्यांत पाणी आहे. दोघे २५ वर्षे एकमेकांचे होते आणि त्यांचे लग्न झालेले नव्हते. चित्रीकरण संपल्यावर १७ दिवसांनी, १० जून १९६७ रोजी ट्रेसी गेले. त्यांच्या कुटुंबाला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून ती अंत्यविधीला गेली नाही. ट्रेसी गेल्यावर दोनच दिवसांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भिन्नवंशीय विवाहांवरील बंदी रद्द केली, तोवर १६ राज्यांत असा विवाह गुन्हा होता. या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाले. पूर्ण झालेला चित्रपट तिने कधीच पाहिला नाही.

वडिलांना मी तो शेवटी दाखवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूनबाईला 'तुझ्या वडिलांना एकदा जेवायला बोलाव' असे सांगितले, लग्नानंतर नवव्या वर्षी.

नाशिक, नाव नको

हेपबर्न १३ वर्षांची असताना तिचा थोरला भाऊ टॉम अकस्मात गेला आणि तो तिलाच मृतावस्थेत सापडला. त्यानंतर कित्येक दशके तिने स्वतःचा वाढदिवस म्हणून त्याची जन्मतारीख, ८ नोव्हेंबर, सांगितली; खरी तारीख तिने १९९१ सालच्या आत्मचरित्रात दिली. माझाही भाऊ असाच गेला. त्याच्या वाढदिवसाला मी दरवर्षी खीर करते आणि शेजाऱ्यांनी विचारले तर आज माझा वाढदिवस आहे, असे सांगते. हे मी प्रथमच कुठे लिहीत आहे.

हार्टफर्ड, कनेक्टिकट, मूळ गाव रत्नागिरीजवळ

मी तिच्याच गावात राहते. सीडर हिल दफनभूमीत कुटुंबीयांच्या शेजारी तिची समाधी आहे आणि शोधल्याशिवाय दिसत नाही, इतकी साधी आहे. तासाभराच्या अंतरावर ओल्ड सेब्रुक गावात जुन्या नगरभवनाच्या इमारतीत २००९ पासून तिच्या नावाचे २५० आसनांचे छोटे नाट्यगृह आहे.

फेनविकचे घर सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळात वाहून गेले होते. त्याच वर्षी तिला गल्ल्याचे विष ठरवले गेले होते. तिने त्याच जागी, पण जमीन उंच करून, नवे घर बांधून घेतले आणि पुढे म्हातारपणीही त्या थंडगार समुद्रात ती पोहत राहिली. माझी आई इकडे आली तेव्हा मी तिला ही गोष्ट सांगितली. २००९ च्या फयान वादळात आमच्या घराची कौले उडाली होती आणि आईने नवी घालून घेईपर्यंत गाव सोडले नव्हते, त्यामुळे तिला त्या घराविषयी बरेच प्रश्न होते: जोते किती उंच केले, वाहून गेलेल्या भांड्यांतले काही परत मिळाले का, शेजारी कोणी राहिले का. जवळच्या सार्वजनिक किनाऱ्यावर आम्ही गेलो तेव्हा एप्रिल होता. आईने चपला काढून वाळूवर नीट जोडीने ठेवल्या, नऊवारी जराशी वर खोचली, 'पाणी केवढं गार आहे गं' म्हणाली, आणि घोट्यापर्यंत उतरली.