परदेशात फॉरेक्स कार्ड न्यावं की शून्य मार्कअपचं डेबिट कार्ड?

मांजराकाठ, लातूर
लातुरातून एमबीबीएसला जॉर्जियाला निघालेल्या पोरांच्या गळ्यात एजंट सर्रास डॉलरचं फॉरेक्स कार्ड (आधीच परकी चलन भरून न्यायचं कार्ड) मारायलेत. काढू नका. साध्या डेबिट कार्डावर बहुतेक बँका ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा वरचा आकार, लावतात, वर त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. लाखाला ४,१३० रुपये. शून्य मार्कअपच्या कार्डावर हे वाचतात. फॉरेक्स कार्डात डॉलर भरलेले आणि जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, बिल तिथल्या लारी चलनात, म्हणजे दर खरेदीला क्रॉस करन्सी फी (एका परकी चलनातून दुसऱ्यात बदलण्याची). लोडचा, म्हणजे कार्डात डॉलर भरतानाचा, भाव तर कुणी बघतच नाही. बाजारात डॉलर ९० असताना ९१.५० नं लोड केला, तर १.६७ टक्के घरीच गेले. उरलेले डॉलर परत देताना बँक खरेदीचा पडका भाव लावते, ते वेगळंच.

पैठणगेट, संभाजीनगर
जॉर्जियापुरतं मान्य. मक्केला उमऱ्याला जाणाऱ्यांना मात्र हा सल्ला देऊ नका. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे, म्हणून ‘भाव हलत नाही’ असं समजून लोक डॉलर कार्ड नेतात. भाव हलत नसला तरी क्रॉस करन्सी फी कापली जातेच. थेट रियाल लोड करा. खर्च आधीच ठरतो, आणि म्हाताऱ्या माणसाचं कार्ड गर्दीत हरवलं तरी घरचं बचत खातं त्याला जोडलेलं नसतं. तुमच्या कार्डाला त्या दिवशीचा भाव लागणार. रुपया घसरला तर?

मांजराकाठ, लातूर
घसरला तर महाग, वधारला तर स्वस्त. ती फी नव्हे साहेब, दोन्ही एका पारड्यात घालू नका. हरवण्याचं म्हणाल तर वेगळं खातं उघडून त्यात लागेल तेवढेच पैसे ठेवता येतात.

मोंढा, जालना
भांडण कार्डाचं चाललंय आणि पैसे जातात मशीनवर. दुकानात मशीन विचारते, रुपयात भरायचं की तिथल्या चलनात. रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो, माणूस तोच दाबतो. त्या भावात दुकानाच्या बँकेचा नफा मिसळलेला असतो, वर आपली बँकही काही कार्डांवर फी लावते. शून्य मार्कअप तिथंच पाण्यात. कित्येकदा विक्रेताच बटण दाबून मोकळा होतो. पावतीवर रुपये छापलेले दिसले, तर काउंटर सोडण्याआधी व्यवहार रद्द करून परत करायला लावा. एटीएमवर ‘कन्व्हर्जन नाकारा’ दाबायचं. लोक घाबरतात, पण नाकारलं तरी नोटा येतात.
आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर चालू करा, स्वाइप आणि एटीएम वेगवेगळे. २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरापुरती सुरू होऊन येतात.

गोदाकाठ, नांदेड
कॉलेजची फी कार्डानं कशाला? बँकेतून वायर करा, म्हणजे थेट कॉलेजच्या खात्यावर पाठवा. परदेशी पैसे पाठवायच्या ए२ फॉर्मवर शिक्षणाचा पर्पज कोड (पैसे कशासाठी ते सांगणारा) एस०३०५, आणि चार्जेसच्या रकान्यात ‘ओयूआर’, म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. ‘एसएचए’ (खर्च दोघांत वाटून) टाकलं की मधली बँक वाटेत २०-२५ डॉलर कापते, ४,००० पाठवलेले कमी पोचतात आणि कॉलेज बाकी दाखवतं. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो आयकर) नाही.

वसमतरोड, परभणी
हाच हिशोब अमेरिकी शेअरला लावा. दर महिन्याला १०,००० पाठवायचे आणि बँकेचा ठोक चार्ज समजा ५९०, म्हणजे ५.९ टक्के गेले. वर्षाचे एकदाच पाठवा. वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. १५ लाख पाठवले तर वरच्या ५ लाखांवर २० टक्के, १ लाख. रिटर्नमध्ये तो वळता होतो, तोवर पैसा अडकून.

पैठणगेट, संभाजीनगर
त्यापेक्षा इथलाच नॅसडॅक ईटीएफ (अमेरिकी शेअरचा, आपल्या शेअर बाजारात मिळणारा फंड) घ्या की. रुपयात व्यवहार, वायर नाही, टीसीएस नाही.

वसमतरोड, परभणी
घ्या, पण आधी त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे युनिटची खरी किंमत, बघा. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीला ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ईटीएफला वेगळी १ अब्ज. मर्यादा भरली की नवी युनिट्स निघत नाहीत आणि बाजारातला भाव एनएव्हीच्या वर चढतो. १०० ची वस्तू ११० ला घेऊन वायरची फी वाचवली म्हणायची का?