जुनी पाँटून बोट घ्यावी का? (भिगवण, उजनीच्या पाण्यासाठी)

नमस्कार मंडळी,

आम्ही राहतो कोथरूडला, पण बायकोच्या माहेरची शेती भिगवणजवळ, उजनीच्या पाण्याला लागून आहे. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांसाठी बोट घ्यायचं मेहुण्याच्या डोक्यात आहे. साध्या होडीत वयस्कर माणसं चढायला घाबरतात, म्हणून पाँटून, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट डेकची बोट.

एक जुनी सापडली आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या, प्रत्येकी 6 मीटर लांब, 60 सेंमी व्यासाच्या. वर प्लायचा डेक, 40 एचपीचं फोर स्ट्रोक इंजिन. मालक म्हणतो, "सोळा माणसं आरामात."

शनिवारी बघून आलो. डाव्या नळीचं मागचं बूच काढलं तर अर्धी बादली काळपट पाणी आलं. "दव धरतं हो आत," म्हणे. डेकचा एक कोपरा पायाखाली भिजक्या पुठ्ठ्यासारखा दबतो. इंजिन लगेच सुरू झालं, पण आम्ही पोचलो तेव्हाच ते गरम होतं, म्हणजे थंड असताना सुरू होतं का ते कळलंच नाही!

घ्यावी का? आणि सोळाचा हिशोब खरा का?

प्रतिसाद १
सोळा विसरा. तुमच्या मापाच्या एका नळीत साधारण 1700 लिटर मावतं. दोन्ही पूर्ण बुडाल्या तर 3400 किलो तोलतील, पण नळी अर्धीच बुडायला हवी, म्हणजे 1700. बोट इंजिनासकट हजार किलो धरली तर उरले 700. चालकासकट दहा माणसं. तीही पक्षी दिसला की कॅमेरे घेऊन एकाच कडेला धावणार, हे धरून चाला.

अर्धी बादली म्हणजे दव नव्हे. नळीला सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा द्या आणि वेल्डिंगवर साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे दिसतील. कम्प्रेसर लावू नका, सांधे उघडतील. डेक बदलावाच लागेल. तांब्याचं रसायन मुरवलेलं लाकूड किंवा तांबेयुक्त रंग अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नका, धातू खाऊन टाकतं.

प्रतिसाद २
मी इंदापूरचा. इथे इंजिनाच्या पंख्यात मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा हमखास अडकतो आणि गिअरमध्ये पाणी जाऊ न देणारं रबरी सील कापतो. गिअर ऑइलचा थेंब काढून बघा, दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार उडायला हवी. जलपर्णी अडकली की ती धार बंद, इंजिन तापलंच.

उन्हाळ्यात पाणी इतकं मागे जातं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. बोट एका जागी बांधून ठेवाल तर चिखलात बसेल. पाण्याखालचे बांध आणि विहिरींचे कठडे वेगळेच. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर बोट काढूच नका, छताला वारा धरतो. 21 मे 2024 ला इथेच उजनीत, कळाशी-कुगाव मार्गावर बोट उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नको.

इंजिनाच्या बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. कागद आधी मागा, पैसे नंतर.

धागाकर्ता
आभार. रविवारी पंप आणि साबण घेऊन जातोय. मालकाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "हवा कशाला भरता साहेब, टायर आहे का तो?" कागदांचं विचारलं तर म्हणे, "बघतो, घरी असतील कुठेतरी."